तीन लाईफमध्ये कॉन्ट्रा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारची गोष्ट. आठवडाभर रिलीजच्या नावाने रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कॉल झाले होते. म्हटलं आज मस्त गेम खेळायचा. जेवण उरकलं, हेडफोन चढवले, स्टीम उघडलं आणि यादी खाली सरकवायला सुरुवात केली. हा नको, याला फार वेळ लागतो. हा परवा चालू केला होता पण कंट्रोल विसरलो. हा मूड नाहीये. असं करता करता पाऊण तास गेला. शेवटी दुसरंच कोणीतरी तो गेम खेळतंय असा व्हिडिओ लावला आणि तो बघता बघता झोपून गेलो.

सकाळी उठल्यावर स्वतःचाच राग आला. मग इंजिनिअर माणूस राग आल्यावर जे करतो ते केलं. एक्सेल शीट उघडली. :)

सगळ्या लायब्ऱ्या मिळून १६३ गेम निघाले. त्यातले पूर्ण केलेले १४. निम्म्याहून जास्त तर एकदाही उघडलेले नाहीत. गेम संपवायला साधारण किती तास लागतात ते सांगणारी 'हाऊ लाँग टू बीट' नावाची साईट आहे, तिथून प्रत्येकापुढे तास भरले. उरलेल्या १४९ गेमची बेरीज आली २६०० तास. मला आठवड्याला खरोखर मिळणारा वेळ चार तास. म्हणजे ६५० आठवडे, साडेबारा वर्षं. आज एकही नवीन गेम घेतला नाही तरी शेवटचा संपेपर्यंत मी चाळिशी ओलांडलेली असेन. आणि आज तर सेल चालू होता!

'बॅकलॉग' हा शब्द मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगला शिकलो. तिथे बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय. माझा एम-थ्री राहिला होता. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जास्त सांगायला नको. मग नोकरीत आल्यावर कळलं की इथेही बॅकलॉग असतो, पण इथे तो असण्याचा पगार मिळतो. दर पंधरा दिवसांनी आम्ही तो उघडतो, वरखाली करतो, आणि परत बंद करतो. माझ्या गेमचं नेमकं हेच चाललं होतं.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा बोलता बोलता हे सांगितलं. आमचं गाव नेवासा. आई म्हणाली, "अरे, आपल्या गावात त्या खांबाला टेकून माउलींनी पंधराव्या वर्षी नऊ हजार ओव्या पुऱ्या केल्या. तुझं एक खेळणं पुरं होईना?" आता बोला. पैस खांबाच्या गावात जन्मल्याचा हा तोटा. काहीही अर्धवट सोडलं की शके १२१२ चा दाखला तयार असतो.

पण एक आहे. अर्धवट सोडण्याची सवय मला लहानपणी नव्हती. उलट तेव्हा आमच्याकडे एकच कॅसेट होती आणि ती आम्ही अक्षरशः झिजवली.

काकांनी तो टीव्ही गेम नगरहून आणला होता. (आता अहिल्यानगर. २०२४ मध्ये नाव बदललं, पण घरात सगळ्यांच्या तोंडी अजून नगरच येतं.) निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची ती कुठलीतरी नक्कल होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा तो फक्त 'गेम' होता. दोन रिमोट, एक बंदूक आणि वर '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. खरे गेम त्यात वीस-पंचवीसच. बाकी तेच परत परत, कधी वेगळ्या नावाने, कधी दुसऱ्या स्टेजपासून. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. अॅडॉप्टर तापला की सुट्टी. बंदुकीने बदकं मारायचा गेम सगळ्यांना आवडायचा, आणि नेम चुकला की हसणारं ते कुत्रं कोणालाच आवडायचं नाही. (ती बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, तो उजेड बंदुकीतला सेन्सर टिपायचा. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. एलईडी टीव्हीत चित्र किंचित उशिरा येतं आणि सगळं गणित फसतं. असो, विषय निघाला म्हणून सांगितलं.)

आमचा खरा गेम म्हणजे कॉन्ट्रा. कोनामीचा, १९८७ मध्ये आर्केडला आलेला आणि वर्षभराने घरच्या कन्सोलवर. आठ स्टेज. दोघांनी मिळून खेळायचा. निळ्या पँटवाला दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लाल पँटवाला मी. प्रत्येकी तीन लाईफ.

वरवर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा मंत्र आम्हाला सुट्टीत आलेल्या एका पाहुण्या मुलाने दिला. तीसच्या तीस लाईफ मिळाल्या आणि त्याच दुपारी आम्ही कॉन्ट्रा संपवला. मी गल्लीभर सांगत सुटलो. दादा मात्र गप्प. संध्याकाळी म्हणाला, "हे काही खरं नाही. आपण तीन लाईफमध्येच करायचा. कंटिन्यू पण नाही घ्यायचं." त्या कोडचा इतिहास मी मोठेपणी वाचला. काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामीचा प्रोग्रॅमर ग्रॅडियस हा गेम घरच्या कन्सोलसाठी तयार करत होता, १९८६ मध्ये. टेस्टिंगसाठी तो स्वतः खेळायला गेला तर त्यालाच जमेना, म्हणून त्याने ही पळवाट घालून ठेवली आणि ती गेममध्ये तशीच राहिली. म्हणजे एका डेव्हलपरने टेस्टिंगसाठी घातलेला शॉर्टकट प्रॉडक्शनला गेला! २०२० मध्ये ते वारले, ती बातमी वाचताना मला सगळ्यात आधी दादाचं ते "हे काही खरं नाही" आठवलं.

तर २००९ च्या उन्हाळ्यात आमचं चॅलेंज सुरू झालं. माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. तारीख, कुठल्या स्टेजपर्यंत पोचलो, कोण कुठे मेलं. त्यात एक रकाना होता 'लाईट'. कारण त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं, खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची, आणि त्या गेमला सेव्ह नावाची भानगडच नव्हती. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. त्यामुळे वेळापत्रक पाठ करून, दुपारच्या तीन तासांत जेवढं होईल तेवढं. त्यात काकूंची सिरियल वजा. त्यात बाकीची भावंडं वजा. शेवटी हातात यायचा दिवसाला एखादा तास. त्या एका तासात जेवढं मन लावून मी गेम खेळलोय तेवढं नंतर कधीच नाही.

तिसरी स्टेज धबधब्याची. बहुतेक ठिकाणी तुम्ही उजवीकडे पळता, इथे दगडांवरून उड्या मारत वर चढायचं. गोम अशी की जो पुढे असतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो खाली राहतो तो पडद्याबाहेर गेला की मरतो. गोळी लागत नाही, शत्रू लागत नाही, फक्त जोडीदार वर गेला म्हणून मरतो. मला थांबणं जमायचं नाही. दिसला दगड की मार उडी. वहीत दादाच्या नावापुढे दर दोन ओळींनी लिहिलेलं असायचं: 'धबधबा – बारक्यामुळे'. बारक्या म्हणजे मी.

आमची मजल सातव्या स्टेजपर्यंत गेली, तीही एकदाच. मी बर्फातच संपलो होतो. दादा एकटा, शेवटची लाईफ, हातात ती पाच गोळ्या फाकवणारी 'एस' बंदूक. छतावरून पंजे खाली येतात तिथे पोचला आणि मी, मेलेला आणि कंटाळलेला, त्याला विचारलं की आठव्या स्टेजला कोण असतं. त्याने अर्धा क्षण माझ्याकडे बघितलं. झालं. तो चिडलासुद्धा नाही. वहीत लिहिलं, '७', आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

२०११ मध्ये काका आजारी पडले आणि बारावीनंतर शेती दादाकडे आली. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. मी २०१५ ला पुण्याला आलो. त्याच वर्षाच्या शेवटी स्टीमवर किमती रुपयांत दिसायला लागल्या, आणि होस्टेलवर आमची चंगळ झाली. पंचाहत्तर टक्के सूट, नव्वद टक्के सूट. चहा-वडापावच्या पैशांत जगप्रसिद्ध गेम. मग नोकरी लागली. २०१८ च्या डिसेंबरपासून एपिकने तर गेम फुकट वाटायला सुरुवात केली होती, ते दर आठवड्याला न चुकता 'क्लेम' करणं हे माझं एक व्रतच झालं. खेळायचे कधी? खेळू की, वेळ मिळाला की. मी गेम विकत घेत नव्हतोच मुळी, मी मोकळे शनिवार विकत घेत होतो. ते त्या डब्यात नसतात.

तर मार्च उजाडला आणि मी स्वतःला चॅलेंज दिलं. दहा गेम पुरे होईपर्यंत नवीन एकही घ्यायचा नाही, फुकटसुद्धा नाही. (फुकटचा नियम पाळणं सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला बोला.) एका वेळी लॅपटॉपवर एकच गेम ठेवायचा. नवीन गेमला दोन तास द्यायचे. आवडला तर शेवटापर्यंत, नाही तर शीटमध्ये लाल करायचा आणि त्याबद्दल हळहळायचं नाही. दोन तास हा आकडा स्टीमकडूनच उचलला, पैसे परत मिळायची मुदत तेवढ्याच खेळाची असते. आणि प्रत्येक गेमला माझी स्वतःची एक तरी अट.

ही अट घालायची कल्पना माझी नाही. निक फ्रँको नावाच्या एका कॉमिक्सवाल्याने २०१० मध्ये पोकेमॉन खेळताना स्वतःवर नियम लादून घेतले: प्रत्येक भागात भेटेल तो पहिलाच पकडायचा, आणि लढाईत पडला की तो मेला, परत वापरायचा नाही. त्यावर त्याने कॉमिक्स काढलं. आज जगभर लोक तसं खेळतात, त्याला 'नझलॉक' म्हणतात. गेममध्ये एक ओळही बदललेली नाही. पण ज्या पोकेमॉनला एरवी कोणी विचारत नाही, तो मेल्यावर लोक हळहळतात.

माझी सुरुवात पोर्टलने. तीन-चार तासांचा गेम, २००७ चा, आणि मी तो नऊ वर्षं न उघडता ठेवला होता. अट: कुठेही अडलं तरी नेटवर उत्तर शोधायचं नाही. सतराव्या चेंबरच्या आसपास एका रात्री अडकलो, तसाच झोपलो, आणि सोमवारी स्टँडअपमध्ये दुसरंच कोणी बोलत असताना उत्तर सुचलं. मग व्हाइस सिटी. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आपण सगळ्यांनी तो खेळलाय, आणि आपण सगळ्यांनी फक्त रणगाडा आणायचा कोड टाइप केलाय. अट: एकही चीट नाही. ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बॉम्ब ठेवायचं मिशन आठवतंय? मला अकरा वेळा लागले. त्या मिशनच्या पुढे एवढी मोठी गोष्ट आहे हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

राजी केला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आलेला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली बहीण. शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटला, पण देवळांच्या भिंती आणि चित्रं बघत मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. आपल्याच शहरातल्या लोकांनी केलेला गेम मी पाच वर्षं पडू दिला याची लाजही वाटली. सेलेस्ट केला. तो तुम्ही किती वेळा मेलात ते मोजून दाखवतो, आणि वर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा. माझा आकडा दोन हजारांच्या वर. विचर ३ मात्र दोन तासांनंतर लाल केला. होय, विचर ३. शिव्या द्या. पन्नास तासांचा गेम आठवड्याला चार तासांनी खेळायचा तर दर शनिवारी मागचं काय झालं तेच आठवत बसावं लागतं. तो लाल केला त्या रात्री मला चक्क हलकं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी सात झाले होते. आठवा कुठला म्हणून शीट खाली सरकवली तर ओळ ११२: कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन. कोनामीने २०१९ मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र काढले ते. कुठल्यातरी सेलमध्ये घेतला असणार. खेळलेला वेळ: शून्य मिनिटं. घेताना नक्की दादाला डोळ्यांसमोर ठेवून घेतला असणार, आणि मग त्याला सांगायचंही राहून गेलं. दोन दिवाळ्या गावी गेलो नव्हतो. एकदा रिलीज होता. दुसऱ्यांदा काय होतं ते आता आठवतही नाही.

महाराष्ट्र दिनाला जोडून सुट्टी टाकली. बॅगेत दोन कंट्रोलर आणि एचडीएमआय केबल. नेवासा फाट्याला उतरलो तर दादा मोटरसायकल घेऊन उभा. बॅगेचं वजन बघून म्हणाला, "एवढं काय आणलंय?" म्हटलं, "कॉन्ट्रा." तो हसला, पण मला वाटतं त्याला खरं वाटलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीचा गेम मोड चालू केला, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस दमून उडी मारतो. पुतणी शेजारी येऊन बसली. गोधडीवर पाय पसरून दादाने यादी वरखाली केली आणि विचारलं, "हे सगळे तुझे?"

"हो."

"केवढ्याला पडले रे?"

"असतील वीसेक हजार." खरा आकडा चाळीसच्या वर आहे. मी अर्धा सांगितला.

दादाने मनात हिशोब केला. "म्हणजे सहा-सात टन ऊस." मग जरा थांबून, "आणि खेळला किती?"

मी गेम चालू केला.

अट तीच. प्रत्येकी तीन लाईफ, नो कंटिन्यू, आणि या कलेक्शनमध्ये मध्येच सेव्ह करायची सोय आहे तीही वापरायची नाही. जुनी वही काकूंनी केव्हाच रद्दीत घातली होती. दादाने शेताची वही आणली, जिच्यात खताच्या गोण्या आणि पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या असतात. 'ऊस, दुसरं पाणी' याच्या खाली रेघ मारली आणि लिहिलं: कॉन्ट्रा.

पहिल्या डावात दोघंही दुसऱ्या स्टेजला संपलो. दादाचे अंगठे आता जाड झालेत, कंट्रोलर त्याच्या हातात काडेपेटीसारखा दिसतो. तिसऱ्या डावाला मात्र हाताला सगळं आपोआप आठवायला लागलं. कुठून कोण येतो, कुठे वाकायचं, 'एस' कुठल्या डब्यात आहे. पुतणीने विचारलं, "पप्पा, तुम्हाला आधीच कसं कळतं?" तो काही बोलला नाही, पण एकदम ताठ बसला. सहाव्या डावाला आम्ही बर्फ ओलांडला आणि सहाव्या स्टेजच्या आगीत गेलो.

पावणेबाराला शेतीची लाईट यायची होती. तिकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं असतं, आणि या आठवड्यात रात्रीची पाळी. साडेअकराला दादाने कंट्रोलर खाली ठेवला. "तू झोप, मी मोटर चालू करून येतो." मी म्हटलं, येतो मीही.

प्रवरेकडच्या रानात गेलो. मोटर चालू झाली, पाणी सरीत शिरलं. दादा बॅटरी घेऊन पुढे, मी मागे. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग बांध फोडता फोडता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

"बारक्या, त्या धबधब्याला... वर जायच्या आधी सांगत जा ना."

"बरं," म्हटलं.

तीन दिवसांत एकोणीस डाव झाले. वहीत सगळ्यात पुढचा आकडा सहा. शीटमध्ये ११२ वी ओळ पिवळी ठेवलीये, म्हणजे चालू. मी घातलेल्या नियमाप्रमाणे ती हिरवी किंवा लाल होईपर्यंत दुसरा गेम उघडता येत नाही, त्यामुळे गेले पाच शनिवार लॅपटॉपवर दुसरं काहीच नाही. एकटा खेळून बघितला, चौथ्या स्टेजपर्यंत जातो. पण तो धरत नाही.

काल दादाचा मेसेज होता. पुढच्या आठवड्यात पाणी दिवसाचं आहे, म्हणजे रात्री मोकळ्या. शुक्रवारची एसटी बघतोय.